मोबाइल काढायला सांगणाऱ्या बाई

वर्गात शिरल्या शिरल्या बाई म्हणायच्या, "चला, मोबाइल काढा." बाकीचे मास्तर मोबाइल दिसला की हिसकावून घेतात, यांचं सगळं उलटं. मी शाळा कमिटीचा अध्यक्ष. शिकलोय दुसरीपर्यंत, पण शाळा उभी आहे ती आमच्या जमिनीवर, त्यामुळे मला कोणी जा म्हणत नाही. दारात खुर्ची टाकून बघत बसायचो. हे शिकवणं चाललंय का खेळ, काही कळायचं नाही.

आमच्या चाकणकडच्या शाळेत गावची पोरं थोडी, कंपन्यांत कामाला आलेल्यांची जास्त. बीडची, लातूरची, नांदेडची. घरात मोबाइल एकच, तोही बापाचा, त्याच्याबरोबर शिफ्टला जाणारा. बाईंनी तोड काढली. ज्याचा बाप नाइटला, तो दिवसा घरी झोपलेला, त्याचा मोबाइल वर्गात. दर सोमवारी विचारायच्या, "या आठवड्यात नाइट कोणाची?" की हात वर. आमच्या वेळी मास्तर बापाचं नाव विचारायचे, शिफ्ट नाही.

एकदा मोबाइल माझ्याच हातात दिला. "आबा, विचारा काहीतरी." मी विचारलं, "ही जमीन कोणाची?" मोबाइल सातबारा कसा काढायचा ते सांगत बसला. म्हणालो, "बघा, ह्याला एवढं बी म्हायती न्हाई." बाई म्हणाल्या, "मग तुम्ही सांगा ना पोरांना." मी सांगितलं, चांगलं तासभर. पोरांनी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं; दुसऱ्या दिवशी डेअरीवर कोणाच्या तरी खिशातून माझाच आवाज येत होता. रागवावं का मिशीला पीळ द्यावा, ठरेना.

कंपनीत मोबाइल न्यायचा तर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, आत कोणी फोटो काढू नये म्हणून. तो निघालेला दिसला की माणूस गेटवरच अडतो. बाईंना हे माहीत नव्हतं. पानाच्या शिरांचा फोटो काढायचा होता, गंगा नावाच्या पोरीनं आणलेल्या बापाच्या मोबाइलवर नुसता काळोख. बाई म्हणाल्या, "ते चिकटलंय ते काढ की." गंगानं नखानं सोललं, फोटो काढला आणि डिंक लावून परत चिकटवलं. त्याच रात्री स्टिकर काढल्याचं गेटवर ओळखलं आणि तिच्या बापाला तिथूनच परत पाठवलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, आता येऊ नको.

सकाळी गंगाचा बाप शाळेत आला. ओरडला नाही, तेच वाईट. "बाई, काम गेलं तर आम्हाला गावाकडं जावं लागंल. मग लेकरू कुठं शिकंल?"

शाळा सुटल्यावर बाई त्याला घेऊन कंपनीवर गेल्या. मीही रिक्षात बसलो. सिक्युरिटीवाला सांगत राहिला, साहेब मिटिंगमध्ये आहेत. बाई हलल्या नाहीत. दिवेलागणीला साहेब बाहेर आले तेव्हा म्हणाल्या, "स्टिकर मी काढायला लावला. शिक्षा याला कशाला?" साहेबानं बाईंकडं पाहिलं, माझ्या फेट्याकडं पाहिलं, आणि त्याला कामावर घ्यायला सांगितलं. कशाकडं बघून घेतलं, देव जाणे.

मग कमिटी बसली. मी सांगितलं, "मोबाइल बंद. एक घर उठता उठता राहिलं." तर गंगाचा बापच उभा राहिला.

"आबा, चालू राहू द्या."

"आरं, काम तुझंच जात व्हतं ना?"

"जात होतं. पण लेकरू घरी येऊन मलाच शिकवायलंय, आबा."

ज्याचं नुकसान तोच हो म्हणतोय, हा हिशेब मला लागला नाही. आणि न कळलेल्या गोष्टीला मी मान डोलवत नाही. बंदी घातली. बाई एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. शाळेच्या हद्दीत एकही मोबाइल येणार नाही." वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, लांब जुन्नरच्या पलीकडं. जाताना घरी येऊन पाया पडल्या, चहा घेतला.

जूनमध्ये शाळा सुटल्यावर गंगा आणि चार-पाच पोरं माझ्या ओट्यावर येऊन बसली. बसल्या बसल्या मोबाइल काढले.

"हितं बसायला कुणी सांगितलं?"

"बाईंनी, जायच्या आधी," गंगा म्हणाली. "आबांचा ओटा शाळेच्या हद्दीत येत नाही म्हणाल्या."

येत नाही, हे खरं. बाईंनी माझी खोड काढली का पोरं माझ्या पदरात टाकली, यावर मी अजून विचार करतोय. रोज म्हणतो, उद्या उठवू यांना. वायरमनला बोलावून ओट्यावर चार्जिंगचा एक बोर्ड मात्र बसवून घेतलाय.