दिवा हाय का?

एक हात कपाळावर आडवा, दुसरा आभाळाकडे, आणि बांधावरून हाक : "दिवा हाय का?" तो मुलगा आठवला की आधी ही हाक ऐकू येते.

तो शिरड शहापूरचा. इंजिनिअर होऊन आमच्या गल्लीत खोली घेऊन राहिला होता. त्याला माणसावाचून उडणारी छोटी विमानं तयार करायची होती. विमानांनी बिनतारी डब्यांतून एकमेकांशी बोलायचं. पुढचं लांब गेलं तर मधल्यानं निरोप पोचवायचा. पण पडलं तर विमानच संपलं. म्हणून आधी तो ते डबे आम्हा बायकांच्या हाती देऊन मोकळ्या रानात चालायला लावायचा. हिरवा दिवा असला म्हणजे बोलणं चालू. विझला म्हणजे तुटलं.

"गयाबाई, आज तू इमान का?" एखादी विचारायची.

"व्हय तर. पर मला च्या पाजल्याबगर उडत न्हाई!" गयाबाई त्याला ऐकू जाईल असं म्हणायची.

तुम्ही त्याला बसलेलं कधी पाहिलं नसतं. चहा अर्धा टाकून डब्याची तार वाकवायला उठायचा. कंपनीचे लोक सिद्धेश्वरच्या धरणावर विमान बघायला येणार होते. विमानानं पाणी ओलांडलं तर काम पुढे, नाही तर सगळं बांधून परत.

सगळ्यांचे दिवे राहायचे, माझाच विझायचा. त्यानं डबा बदलला. पुन्हा विझला.

"वहिनी, तुमी काहून मागं राहून राहिल्या?"

मला गप्पांत मिसळता येत नसे, म्हणून मी लांबून चालायची. त्यानं विचारलं की ओ न देता, दिवा असला तर नुसता हात वर करायची. तो हात शोधायलाच त्याला कपाळावर हात धरावा लागे.

तो बाकीच्यांकडे बघतच राहिला. त्या शेतात खुरपायला ओळीनं पात धरल्यासारख्या खांद्याला खांदा लावून चालल्या होत्या. दिवे विझतील कसे?

"आता इमानं काय पात धरून उडणार हायत!" त्यानं स्वतःच्याच डोक्यात मारून घेतली. मग सगळ्यांना पांगवलं. दिवे विझत गेले. तो तारा बदलत राहिला, पण दिवस उरले नव्हते.

धरणावर आम्ही बायकाही गेलो होतो; ऐन वेळी मधल्या विमानाचा पंख मोडला. त्याचा डबा घेऊन मी टेकाडावर उभी राहिले. पुढचं विमान पाण्यावर गेलं आणि माझा दिवा लुकलुकायला लागला.

"दिवा हाय का?"

अजून होता, म्हणून मी हात वर केला. ऊन त्याच्या डोळ्यांवर होतं.

"वहिनी, दिवा हाय का?"

"जाऊन राहिला! माघारी घ्या!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की सगळी माणसं वळली.

विमान परतलं, अखंड उतरलं. पण पाणी ओलांडलं नव्हतं. कंपनीचे लोक चहा न घेताच गेले.

तो माझ्याजवळ आला. "आवाज हाय की तुमाला," एवढंच म्हणाला आणि विमानाची माती पुसत राहिला.

आठवड्यानं त्याचं सामान जीपमध्ये चढलं. वळणावर त्यानं डोकं बाहेर काढलं, कपाळावर हात धरला.

"वहिनी, दिवा हाय का?"

गल्ली भरलेली होती. मी पुन्हा नुसता हात वर केला. मधे धूळ उठली. त्याला तो दिसला का, कोण जाणे.