स्केटला कोयत्याची धार

पहिलं हे सांगते, मी थकले आहे. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची मेस चालवते. पहाटेपासून चपात्या लाटायच्या आणि वर "काकू, आज पण बटाटा?" हे ऐकून घ्यायचं. त्यामुळे मला कुणी शहाणपण शिकवू नये. चूक मी मुद्दाम केली नाही. पण केली.

माझी लेक बर्फावरची हॉकी खेळते. पुण्यात चाकांचे स्केट शिकता शिकता तिकडे वळली, लडाखच्या शिबिराला गेली आणि बायकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी भारताच्या संघात निवडली गेली. गावाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. "बर्फावर? अगं, पाय घसरत न्हाई का?" घसरतो बाई, तोच तर खेळ आहे.

जायच्या आधी चार दिवस घरी आली, ती नुसती झोपली. मी तिची बॅग उपसली. घामाचा असा वास, की जीव नको! कपडे धुतले. तळाशी तिचे स्केटचे बूट होते, खाली लोखंडी पातं असलेले. अंगठा फिरवून बघितला, तर पात्याला मधोमध बारीक पन्हळ. म्हटलं, झिजलंय. पोरगी एवढ्या लांब चालली, आणि हे असलं बोथट घेऊन? तिचे वडील बेल्ह्याच्या बाजाराला बैल बघायला निघाले होते. विळा-कोयता धारेला द्यायचाच होता, त्याच पिशवीत बूट कोंबले. धारवाल्यानं पन्हळ घासून घासून काढली आणि पातं असं केलं, की कागद कापावा. मी खूश! बूट पुसून बॅगेत ठेवले. तिला सांगितलंही नाही. म्हटलं, कळेल तिचं तिला.

कळलं. तिकडून फोन आला. "आई, पात्याला कुणी हात लावला? पहिल्याच सरावाला चारदा आपटले. त्या पन्हळीच्या दोन कडाच तर बर्फ धरतात गं."

आणि मी काय बोलावं? "मला काय ठाऊक? तिकडंच कुणीतरी केलं असंल." पोटच्या पोरीशी खोटं बोलले. कणीक अर्धवट मळलेली, तशीच राहिली.

तिकडे संघाच्या लोकांनी मशीनवर नीट करायला घेतलं, तर पातंच पुरेसं उरलेलं नव्हतं. तिच्या मापाचे जादा बूट कुणाकडे नव्हते. दुपारी सामना लागला की मेसमधली पोरं मोबाईल भिंतीला टेकवून ओरडायची, आणि मी बाकावर बसलेल्यांत तिला शोधायची. शेवटच्या सामन्यात उसने, दोन मापं मोठे बूट घालून तिला उतरवलं. घसरली, उठली, परत घसरली. लगेच बोलावून घेतलं. पोरं माझ्याकडे न बघता जेवली.

ती परत आली. महिन्याभरानं पुढच्या शिबिराची यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो. माझ्यानं राहवेना.

"बाई, ती धार मीच लावून आणली गं."

"ठाऊक आहे मला. कोयत्याची धार मला वळखू येत नाय व्हय?"

"मग संघाच्या सरांना सांगायचंस ना, आई अडाणी आहे म्हणून! त्यांनी समजून घेतलं असतं."

"माझी मीच लावली म्हणून सांगितलं त्यांना."

"का पण?"

"सगळ्या तुला हसल्या असत्या. मला नसतं चाललं." एवढं बोलून तिनं पुढचा गड्डा घेतला.

पोरीसाठी मी किती राबले, हे मी येईल त्याला ऐकवायची. हल्ली नाही ऐकवत.