भाऊंची पेटीवाली डिस्क

आमच्या सोसायटीत विजेवर चालणारी कुठलीही वस्तू पहिल्यांदा भाऊंच्या घरात यायची. इन्व्हर्टर असो, पाण्याचा फिल्टर असो, भाऊ आणणार, रिकामं खोकं मुद्दाम जिन्यात ठेवणार आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावून जाणार. "आदी माझे घरान मरू दे," भाऊ म्हणायचे, "मंग तुमी घ्या." माझा नवरा त्यांना पाठीमागे 'पहिलटकर' म्हणायचा, आणि स्वतः मात्र त्यांना विचारल्याशिवाय साधी इस्त्रीही घ्यायचा नाही.

भाऊ खाडीकाठचे आगरी. गावात भातशेती, घर, आई. आणि मुलीच्या शाळेसाठी एव्हरशाईन सिटीत आमच्या शेजारी फ्लॅट. आम्ही देशावरून आलेले, इथलं काही ठाऊक नसलेले. वसईत कपाटातल्या चपलांनासुद्धा पांढरी बुरशी येते, हे आम्हाला भाऊंनीच सांगितलं. बुरशीशी त्यांचं जन्माचं वैर होतं. पापडाच्या डब्यापासून लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटपर्यंत ते सगळं उन्हाला दाखवत बसायचे. कॅसेट उन्हात ठेवू नये म्हणतात, पण भाऊंना हे सांगणार कोण?

वीसेक वर्षांपूर्वी कॅसेटमधलं डिस्कवर उतरवून घ्यायची यंत्रं बाजारात आली. डिस्क दोन जातींच्या होत्या. एक उघडी, सगळ्यांच्या ओळखीची. दुसरी प्लास्टिकच्या चपट्या पेटीत बंद. ती पेटीसकटच यंत्रात सरकवायची. एकीच्या यंत्राला दुसरी चालत नसे. माणिकपूरच्या दुकानदाराने उघडी पुढे केली. भाऊंनी ती उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. "वसईच्या हवेत उघडी डिस्क? लोनच्याची बरनी कोन उघडी ठेवतो काय?" दुकानदाराने पेटीवाली काढली, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते पटलं.

मग काय, पेटीवालीच. भाऊंच्या मागोमाग अर्ध्या सोसायटीने ते यंत्र घेतलं, त्यांच्या गावानेही घेतलं. लोकांच्या लग्नाच्या कॅसेट डिस्कवर उतरवायला भाऊ रविवारचे रविवार बसले. काम झालं की बजावायचे, "कॅसेट फेकून द्या. बुरशी बुरशीला बोलावते." लोकांनी मुकाट फेकल्या.

पण प्रत्येक सोसायटीत एक भाऊ असतो. बाकीच्या सोसायट्यांतल्या भाऊंनी उघडी घेतली, त्यांच्यामागे त्यांचे शेजारी गेले, आणि बघता बघता पेटीवाली डिस्क दुकानातून नाहीशी झाली. आमची यंत्रं एकेक करून बंद पडली. सुटे भाग मिळेनात, यंत्रं भंगारात गेली, डिस्क तेवढ्या कपाटात राहिल्या. माझ्या नवऱ्याने सुरीने पेटी फोडून आतली डिस्क साध्या प्लेअरला लावून बघितली. प्लेअरने ती लगेच बाहेर टाकली.

भाऊंना तोंडावर कुणी बोललं नाही. फक्त विचारणं बंद झालं. पुढे मोठा टीव्ही त्यांच्याआधी आमच्याकडे आला, त्या दिवशी भाऊ पेढा खाऊन गेले. टीव्हीकडे त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं.

खरी आग लागली ती मयुरीच्या, म्हणजे भाऊंच्या मुलीच्या, लग्नाच्या वेळी. भाऊंची आई गावाची धवलारीण होती. त्यांच्याकडे हळदीपासून लग्न लागेपर्यंत धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणतात. ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. शेजारच्या गावांतही धवलारणी होत्या, पण या गावचे धवले वेगळे. त्यांत याच खाडीचं, याच देवीचं, याच घरांचं नाव. कुणी शिकून घेतले नाहीत, आणि म्हातारी एरवी तोंड उघडायची नाही. मोबाइलवर आवाज भरून घ्यायला नातवंडं मागे लागली तर हाकलून द्यायची. "लगीन नाय तर धवला नाय. घरान अवदसा आनायची हाय काय?" आणि एक दिवस ती गेली.

मयुरीने बापाकडे एकच मागितलं होतं, हळदीला आजीचा धवला. आजीच्या मांडीवर झोपून ऐकलेला. आता तो कुठे असणार? गावातल्या जुन्या लग्नांच्या व्हिडिओत. आणि ते व्हिडिओ कुठे? पेटीवाल्या डिस्कमध्ये. भाऊ आमच्या दारात येऊन उभे राहिले. "ताई, कॅसेट मीच फेकाया लावल्या," ते म्हणाले. "माझे आयेला मीच फेकलं." मी आत जाऊन त्यांच्याच गावच्या एका लग्नाची आमच्याकडे राहिलेली डिस्क आणून दिली.

भाऊ गावात घरोघर फिरले. ज्या घरांत कधी मानाने यंत्र बसवलं होतं, तिथेच हात पसरून डिस्क मागितल्या. त्यांनी तांदळाची रिकामी पिशवी भरली, पण चालू यंत्र काही मिळेना. भंगारवाले झाले, दुरुस्तीवाले झाले. जेवणावरची वासना गेली. वहिनी रडकुंडीला येऊन म्हणायच्या, "पोरीचं लगीन तोंडावर आलंय, आनी ह्यांनी पत्रिका वाटायच्या सोरून भंगार हुडकायचं चालवलंय."

शेवटी मनवेलपाड्यात, एका निवृत्त कंडक्टरच्या टीव्हीखाली, विणलेल्या रुमालाने झाकलेलं एक यंत्र सापडलं. मी बरोबर होते. कंडक्टरने नाव ऐकलं आणि भाऊंकडे नीट बघितलं. "तुम्हीच का ते एव्हरशाईनचे? माझी बहीण तुमच्या बिल्डिंगमध्ये राहायची. तुमचं बघून घेतलं हो आम्ही हे." रागावून बोलले नाहीत, उलट यंत्र पुसून हातात दिलं. भाऊंनी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. येताना रिक्षात यंत्र मांडीवर घेऊन ते बाळाला थोपटावं तसं थोपटत होते.

दुपारी भाऊंच्या हॉलमध्ये आम्ही बसलो. गावाहून म्हाताऱ्या बायका मुद्दाम आल्या होत्या, ऐकून धवले उचलायला. मयुरी मोबाइल पुढे धरून बसली. भाऊंनी डिस्क सरकवली. यंत्र घरघरलं, आणि चित्र आलं! स्वच्छ, एक डाग नाही. हळदीचा मांडव, कडेला बसलेली म्हातारी, कासोटा घातलेलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. तिने पदर सावरला, तोंड उघडलं. आणि सिनेमातलं गाणं वाजू लागलं.

बायका आधी हसल्या. मग दुसरी डिस्क, मग तिसरी. सगळीकडे म्हातारी जीव तोडून गात होती आणि सगळीकडे मूळ कॅसेटवरच सिनेमाची गाणी टाकलेली होती. तेव्हा तीच हौस होती. गाणी टाकलेली नसली तर व्हिडिओवाल्याने फसवलं म्हणायचे लोक. "पन तुमीच तर उतरवल्या ना या?" मयुरी बापावर ओरडली. "तवा मी यंत्राची लाईट बघत व्हतो गं," भाऊ म्हणाले. "टीवी बंदच असाचा."

म्हणजे डिस्क कुठलीही घेतली असती, उघडी किंवा पेटीवाली, आणि कॅसेट जपून ठेवल्या असत्या, तरी हेच होतं. हे मी भाऊंना सांगितलं. वाटलं, माणसाचं ओझं उतरेल. भाऊंनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पुढची डिस्क यंत्रात सरकवली.

एका डिस्कमध्ये एक गाणं संपलं आणि दुसरं सुरू व्हायच्या आधी मांडवातला खरा आवाज निसटून आला होता. भांडी, पोरांचा कालवा, आणि अगदी जवळून म्हातारीचा घसा बसलेला आवाज, "भाऊ, पानी दे रं." लगेच ढोलक सुरू झालं. भाऊंनी ते परत लावलं. परत लावलं. वहिनींनी शेवटी यंत्राची पिन काढली, तेव्हा ते लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. भाऊंना रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

त्या लग्नानंतर भाऊ फार राहिले नाहीत. छातीचं निमित्त झालं. पण मला ते दिसतात ते हळदीच्या मांडवातले, व्हिडिओवाल्याच्या खांद्याला खांदा लावून उभे. धवल्याची वेळ झाली तसा डीजे बंद केला. मयुरीभोवती बायका जमल्या. सगळ्यात म्हाताऱ्या बाईने आठवेल ती ओळ उचलली, दोन शब्दांवर अडकली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकली आणि डोळ्यांना पदर लावून बसली. पुढचं कुणालाच येत नव्हतं. मयुरी हळदीने माखलेले हात पुढे धरून तशीच बसून राहिली.

व्हिडिओवाला हळूच म्हणाला, "काका, इथे काहीच आवाज येत नाहीये. एडिटिंगला इथे कुठलं गाणं टाकू?"

"कायपन टाकू नको," भाऊ म्हणाले. "इथं माझी आये गायाची."