तीस टक्क्यांचे दाजी

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. पण सणासुदीच्या दिवसांत इमारतींवर रोषणाई करून देणाऱ्या त्या कारखान्यात मालकापासून शिडी धरणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणतात. "अख्ख्या कारखान्याचा दाजी झालोय, पण मान ठेवणारा एक मेहुणा नाही," असं ते स्वतःच म्हणतात.

वय एकोणसाठ. गुडघे शिडीला विटलेले, कंबर वायरीच्या बंडलांना. तरी मालकानं त्यांना ठेवलंय ते एकाच गोष्टीसाठी. उजेड किती ठेवायचा, हे दाजी ठरवतात.

हल्लीच्या माळा पूर्वीसारख्या नाहीत. एकेका दाण्याला, म्हणजे दिव्याला, स्वतःची अक्कल असते, नि प्रत्येकाला कॉम्प्युटरवरून सांगावं लागतं: तू लाल हो, तू निळा, तू एवढाच पेट. नवा माणूस पहिल्यांदा काय करतो, तर सगळे दाणे पांढरे आणि उजेड शंभर टक्के. मग ती माळ तहानेल्या म्हशीसारखी वीज ओढते. पुढचे दाणे पांढरेफेक आणि शेपटाकडचे काविळीनं पिवळे. समोरच्या घरातला माणूस खिडकी लावून शिव्या घालतो तो वेगळाच.

"डोळा लबाड असतो," दाजी सांगतात. "अंधारात उजेड तिप्पट करा, डोळा म्हणेल, हां, जरासा वाढला. मीटरला मात्र तिप्पट दिसतो." म्हणून त्यांचा आकडा तीस. तिसावर माळ लावायची, रस्त्यापलीकडे जाऊन बघायचं, आणि मग गरजेप्रमाणे एकदोन टक्के इकडे किंवा तिकडे. ते एकदोन टक्के दाजींच्या डोळ्यात होते. वीस सीझन होते.

या सीझनच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डावा वाटेवर आहे. ऑपरेशन करून घ्या. दाजींनी तो कागद चार घड्या करून टेस्टरच्या खिशात घातला.

"कधी करायचं?" अक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, विचारलं.

"सीझन झाला की."

"तोवर शेजारणीला माझ्या नावानं हाक माराल."

"तिनं ओ दिली तर सांगेन तुला."

अक्का हसली नाही. सीझन फक्त निमित्त आहे, हे तिला कळत होतं. खरी भीती गोदामाची. आधीच्या मिस्त्र्याचा हात थरथरायला लागला, तेव्हा मालकानं त्याला गोदामात बसवलं होतं. परत आलेल्या माळांचे गुंते सोडवायचे, दिवसभर, बिनखिडकीच्या खोलीत. तिथं खाली गेलेलं माणूस वर कामाला आलेलं दाजींनी पाहिलं नव्हतं. डोळा गेला की आपलीही तीच खुर्ची, हे त्यांना पाठ होतं.

त्या दिवशी वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवरच्या रोषणाईची चाचणी होती. दुसऱ्या दिवशी लोकांसाठी ती सुरू व्हायची होती. तिन्हीसांजेला दाजी रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीपाशी जाऊन उभे राहिले. शेजारी कॉम्प्युटरवाल्या बाई स्टुलावर लॅपटॉप ठेवून बसल्या. बाईंनी बटण दाबलं.

दाजींना भिंत राख फासल्यासारखी दिसली. त्यांनी उजवा डोळा झाकून बघितलं, मग डावा. राखच.

"तुम्हाला कसं दिसतंय, बाई?"

"तुम्ही म्हणाल तसं, दाजी. तुमच्याशिवाय आम्हाला काय कळतंय?"

दाजींनी शिडीवरच्या मिस्त्र्याला हाक मारली. "काय रे, कसंय?"

"झकास!" वरून आवाज आला.

दाजींनी हिशेब मांडला. सगळ्यांना नीट दिसतंय, म्हणजे आपलाच डोळा बसला. आता आकडा वाढवावा, तर तो आंधळ्याच्या हिशेबानं वाढणार. उद्या माळा तापतील, शेपूट पिवळं पडेल, आणि दोष सगळ्या कारखान्याच्या माथी. न वाढवावा, तर 'बरंय' म्हणून खोटी मान हलवायची. वीस वर्षांत तेवढं एक त्यांनी केलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर लपवालपवीचाही त्यांना आता कंटाळा आला होता.

तेवढ्यात मालक आले. दाजींनी खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला.

"मालक, माझ्या डोळ्यावर विसंबू नका. मला ही भिंत विझल्यासारखी दिसतेय. मोतीबिंदू आहे."

मालकानं कागद वाचला, भिंतीकडे बघितलं. आजवर ते दाजींच्या तोंडाकडे बघूनच भिंत पास करायचे. त्यामुळे भिंतीकडे कसं बघायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "मला तर बरी वाटतेय," ते म्हणाले. मग सुस्कारा सोडला. "आधी सांगायचं होतं, दाजी. असो. सोमवारपासून गोदाम बघा. आकडा बाई बघतील."

"बरं," दाजी म्हणाले.

एवढंच. वीस वर्षांचं ओझं 'बरं'मध्ये उतरलं. ते पायरीवर बसले, बूट काढले, सुजलेली पावलं थंड फरशीवर ठेवली. समोर भिंत एकटीच खेळत होती. आता तिच्यासाठी नजर लावायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून ते नुसतेच बघत बसले.

प्रोग्राममध्ये एक सावकाश चढणारा उजेड होता. तो दुधासारखा हळूच वर यायला हवा. इथं तो उचकी लागल्यासारखा येत होता. थांबे, टप्प्यानं चढे, पुन्हा थांबे.

दाजी ताठ बसले.

"बाई, उजेड धक्के खात चढतोय का?"

बाईंनी निरखून बघितलं. "हो की. मला वाटलं, तुम्हीच तसा सांगितलाय."

"मोतीबिंदूनं उजेड कमी दिसेल, बाई. उचकी नाही लागत." दाजी तसेच अनवाणी उठले. "उजेड फार खाली गेला की चढायला पायऱ्याच कमी उरतात, तेव्हाच असे धक्के बसतात. तीस कुठं घातलेत तुम्ही?"

"प्रोग्राममध्ये. तुमचा आकडा ठाऊक आहे, म्हणून या वर्षी आधीच घालून ठेवला."

"आणि मी भिंतीवरच्या नव्या डब्यात घातलाय."

डब्यातून वीज माळांना जाते. प्रोग्राम सांगतो त्याचे तीस टक्के डबा पुढे सोडतो. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. इथं दोघांनी तेच ताक पाळीपाळीनं फुंकलं होतं.

"तिसाचे तीस टक्के," बाई पुटपुटल्या. "नऊ."

त्यांनी प्रोग्राममधले तीस काढले. भिंत वर आली. खिडक्यांच्या कमानी, खांब, दारावरची नक्षी, सगळं जागेवर उमटलं. वाटेनं जाणारी दोन माणसं थांबली.

"आता दिसलं बुवा!" मिस्त्री शिडीवरून ओरडला. "मघाशी वाटलं, माझाच चष्मा बाद झाला."

"मग झकास कशाला म्हणालास, गाढवा?"

"तुम्ही खाली उभे होता म्हणून!"

मालक हसत आले. "म्हणजे डोळा शाबूत आहे की! विसरा ते गोदाम. उद्यापासून तुमचा आकडा तुमच्याकडे."

दाजींनी एकेक डोळा झाकून भिंत पुन्हा बघितली.

"डोळा नऊ ओळखतो, मालक. पण बत्तीस की अडतीस, हे आता नाही ओळखत. मघाशी सांगितलं ते खरंच आहे. उद्या ऑपरेशनची तारीख घेतो."

"ऐन सीझनमध्ये?"

"वीस सीझन झाले. एक माझ्याविना होऊ द्या."

मालक म्हणाले, "आणि परत आल्यावर बसणार कुठं? गोदामात की इथं?"

"बसायला मिळालं तर कुठंही."

दाजींनी कमरेचा मीटर काढून बाईंच्या हातात दिला. "एका माळेला किती वीज जाते ते बघायचं, मग शेपटाकडचा शेवटचा दाणा बघायचा. पांढरा आहे तोवर ठीक. आणि एक सांगू का, बाई? वाईट दिसलं तर वाईट म्हणत जा. मी समोर उभा असलो तरी."

"आणि मिस्त्र्याला विचारू नको?"

"त्याला शिडी किती उंच आहे तेवढं विचारा," दाजी म्हणाले, आणि बूट घालायला खाली वाकले. लेस बांधायला त्यांना बराच वेळ लागला.