कवठी चाफ्याचा पत्ता

वाडी सोडली त्या सकाळी आप्पा मेंढरं घेऊन आधीच माळावर गेले होते. वडूजच्या स्टँडपर्यंत आई आली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "जाशील तिथं नीट ऱ्हा. जेवत जा येळंला." नव्वदीची सुरुवात होती. आयटीआय करून मी कुपवाडच्या एका शेडमध्ये लेथवर लागलो. तुमच्यातले काही वाडीवरच राहिले, काही माझ्यामागून इकडं आले. पुढं जे झालं ते तुम्ही तुकड्यातुकड्यांनी ऐकलं असेल. सलग आज सांगतो.

खोली सांगलीत मिळाली, एका जुन्या बंगल्याच्या मागं. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. पत्ता विचारला तर म्हणाल्या, "कवठी चाफा म्हण, कुणीही आणून सोडेल." फाटकातच ते झाड होतं. वितीहून लांब, जाड पानं, वरून तेल चोपडल्यासारखी, खालून तांबूस. मी बरेच दिवस त्यावर कवठं शोधली. काकू हसल्या. "अरे, कवठं नाही लागत त्याला. फुलाला पिकल्या कवठाचा वास येतो, म्हणून कवठी." त्यांचे यजमान म्हणत, वासाचं काही नाही, कळी कवठासारखी गोल असते म्हणून. गल्लीला दोन्हींशी देणंघेणं नव्हतं. 'कवठीपाशी थांब', 'कवठीवरनं डावीकडं' एवढंच चालायचं. आपल्या वाडीवर चाफा म्हणजे देवळामागचा, उन्हाळ्यात पानं झडून नुसत्या फांद्या उरणारा. इथं आल्यावर कळलं, चाफ्यालाही आडनाव लागतं.

तिसऱ्या वर्षी आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी तिला मिरजेच्या दवाखान्यात आणलं. आप्पा मेंढरांपाशी राहिले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारी ऑपरेशन, थांबता येणार नाही. वडूजच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला: सांगलीत उतरा, कवठी चाफा विचारा, झाडाखाली थांबा, काकू मिरजेला घेऊन येतील. आप्पा एकट्यानं कधी कराडच्या पलीकडं गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळ टळली तरी पत्ता नाही. मी दवाखान्याबाहेरच्या बूथवरून काकूंना फोन करत राहिलो. "नाही रे अजून. मी फाटकातच उभी आहे."

नर्स आईचे दागिने काढायला आली. बांगड्या निघाल्या. डोरल्याला आईनं हात लावू दिला नाही.

"त्यास्नी येऊ दे."

"मावशी, मंगळसूत्रही काढावं लागतं. डॉक्टर थांबलेत."

"थांबू द्या. आमचं मालक आल्याबिगर ह्ये गळ्यातनं निघायचं न्हाई."

मी हात जोडले. "आई, येळ गेली तर हातची जाशील तू."

ती बराच वेळ दाराकडं बघत राहिली. मग स्वतःच डोरलं काढलं आणि माझ्या मनगटाला गुंडाळून गाठ मारली. "त्येंच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या न्हाई." स्ट्रेचर आत गेलं.

आप्पा तेव्हा कुठं होते? सांगली स्टँडवर त्यांनी 'कवठी' विचारलं. गडबडीत कुणीतरी कवठे ऐकलं आणि कवठे महांकाळच्या गाडीत बसवून दिलं. ती गाडी मिरजेवरूनच जाते. आई होती त्या गावातून आप्पा खिडकीत बसून पुढं गेले. तिथं उतरून चाफा विचारला, लोकांनी देवळातला दाखवला. झाडाखाली थांबा असा निरोप होता, ते थांबले. माळावर दिवस दिवस बसणारा माणूस, त्यांना वाट बघण्यात काही वावगं वाटलं नाही.

ऊन कलल्यावर पुजाऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, कुणाची वाट बघताय?"

"पोराची. कवठी चाफ्याखाली थांब म्हनलाय."

"आवं, ह्यो साधा चाफा. कवठी चाफा लय मोठ्या पानाचा, त्यो सांगलीकडं बंगल्यात असतोय. ह्ये कवठे, गावाचं नाव."

"मिरजंला न्हेनार हुतं मला. बायकू हाय तिथं दवाखान्यात."

पुजाऱ्यानं त्यांना हाताला धरून मिरजेच्या गाडीत बसवलं आणि दवाखान्यापाशी उतरवायला कंडक्टरला सांगितलं.

दिवेलागणीला ते कॉरिडॉरच्या टोकाशी दिसले, घोंगडं खांद्यावर, दारं बघत येत होते. मी धावलो. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर आलीच नाही, मनगटावर गेली. भिंत धरून ते जागीच खाली बसले.

"आप्पा, आई हाय! आत हाय! तिनंच बांधलंय, तुमच्या हातात द्यायला."

त्यांना ते कळायला वेळ लागला. मग माझं मनगट दोन्ही हातांत धरून ते रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. दार उघडून डॉक्टर 'ठीक आहेत' म्हणाले, तरी त्यांनी माझा हात सोडला नव्हता.

आई वाचली. टाके सुकेपर्यंत दोघं माझ्या खोलीत राहिले. मी कायमचं इथंच राहा म्हटलं, तर आई म्हणाली, "हितं समदं हाय रं, पर रस्त्यानं जाताना कोण हाक मारत न्हाई." ते परत गेले.

आता माझं घर कुठलं, असं वाडीवरच्या लग्नकार्यात विचारता तुम्ही. सांगली म्हटलं की तुमचं तोंड उतरतं, वाडी म्हटलं तर माझी पोरं हसतात. तिकडून कुणी येणार कळलं की मी खुणेचं काही सांगत नाही. गाडी कवाची तेवढं विचारतो, शेडमधून सुट्टी घेतो आणि स्टँडवर जाऊन उभा राहतो. गाडीतून ओळखीचं डोकं बाहेर निघतं, घाबरल्यासारखं इकडंतिकडं बघतं, आणि मी लांबूनच ओरडतो, "आवं, हिकडं! म्या हाय हितं!"