गुलाबबीची बाटली

धाराशिवच्या एका दवाखान्यात लघवीच्या बाटल्या धुण्यात आपली उमर गेली. अत्तरवाल्याला वास चिकटतो, तसे मला किस्से चिकटले. हसत सांगतो, पण आतून डोस्कं अजून तापतं!

*

उमरग्याची गुलाबबी. मधूनच छाती धडधडायची, घामानं चिंब व्हायची. मोठे डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडावर गाठ असंल. तिच्यातून भीतीचा रस झरतो. दिवसरातीची लघवी पुण्याला तपासू. रस जास्त निघाला तर ऑपरेशन."

आमचे लॅबचे साहेब म्हणाले, "नाटकं आहेत सगळी!"

नवरा महेबूब लगेच, "रिपोर्ट साफ आला तर हिला माहेरी सोडतो. कायमची!"

घाई औषधाची न्हाय, बायकू टाकायची!

*

माल टिकावा म्हणून बाटलीत आधीच ॲसिड असतंय. साहेबांनी हे न सांगताच बाटली तिच्या माणसांच्या पुढ्यात आदळली. गुलाबबीची खाला, म्हंजे मावशी, रिकामी बाटली घेऊन परत आली.

"घाण पाणी होतं साहेब, ओतलं. पण मोरी कशी लख्ख निघाली!"

साहेब किंचाळले, "अडाणी!"

म्या म्हणालो, "सांगितलं असतं तर जीभ झिजली असती व्हय?"

*

दुसरी बाटली. साहेब खेकसले, "एवढीशीच? भरून आण!"

दुसऱ्या दिवशी काठोकाठ! गुलाबबीची मान खाली. खाला मात्र ताठ, "सगळ्या घरानं हातभार लावला! एकटा जावई तेवढा न्हाय म्हणाला."

*

मग तिला वॉर्डातच ठेवलं. तिसरी बाटली महेबूब यष्टीनं पुण्याला घेऊन निघाला, आन् हात हलवत परत आला.

"वाटंत सांडली."

म्या त्याचा खिसा चाचपला. बूच आत, कोरडं ठणठणीत! रस निघाला तर बायकू टाकता येणार न्हाय, म्हणून ह्यानंच ओतली होती. गचांडीच धरली त्याची.

*

चौथी बाटली म्या स्वतः नेणार होतो. ताडून बघायला पुण्याला एका धडधाकट माणसाची बाटलीबी पायजे होती.

साहेब छाती काढून म्हणाले, "माझी घे! माझ्यासारखा निरोगी जिल्ह्यात सापडणार नाही."

त्या दिवशी चहा, केळी बंद, आन् डोकं शांत ठेवायचं, असा नियम; न्हायतर निरोग्याच्या लघवीतबी रस जास्त दिसतो.

सकाळीच म्या म्हणालो, "साहेब, तुमची बदली त्या आडवळणी माकणीला झाली म्हणं!" साहेब लालबुंद. दुपारी म्हणालो, "गुलाबबी म्हणती, खरं नाटक तर साहेबच करत्यात!" साहेबांनी टेबल बडवलं, चहावर चहा ढोसला. संध्याकाळी म्या लई प्रेमानं केळी सोलून दिली. खाटेवर गुलाबबी पदर तोंडाला लावून हसत होती.

पुण्याहून ट्रंक कॉल आला, साहेबांनी उचलला. महेबूब शेजारीच उभा. फोनमधला आवाज पार व्हरांड्यापर्यंत ऐकू गेला,

"दोन्ही बाटल्यांत रस भरपूर! ऑपरेशनला आधी कोण येतंय? बाई, का तुम्ही?"