कुणी कुणाला झाकायचं न्हाई

भालकीच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत होतो, तेव्हा मैलूरहून अण्णाच्या शेजाऱ्याचा फोन आला. "अण्णा गेले," म्हणाला, आणि त्याच दमात, "कॉम्प्युटर चालूच हाय, बंद कसा करायचा? फुलीच न्हाई त्याला." माझा थोरला भाऊ गेला होता आणि या शहाण्याला फुली सापडत नव्हती. रोज त्याच कॉम्प्युटरवर बसणारी वहिनी समोर होती, पण बाईमाणसाला काय विचारायचं... मी फोन ठेवला.

अण्णा आणि वहिनी घरीच भाषांतराची कामं करायचे. जमिनीच्या कन्नड पहाण्या, म्हणजे तिकडचे सातबारे, वाटणीपत्रं मराठीत आणायची, कारण निम्मे वारस उदगीर-लातूरला. पडद्यावर डावीकडं कन्नड, उजवीकडं मराठी. नवी खिडकी उघडली की बाकीच्या आपोआप सरकून तिला जागा देणार, एकीवर दुसरी चढणार नाही. हे असं कामून, म्हणून मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाला, "खिडकीच्या आतलं ज्या त्या प्रोग्रामनं रंगवायचं. चौकट कुठं, केवढी, कोण वर, कोण खाली, हे ठरवणारा दुसराच असतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतेत. बाकीच्यांचा खिडक्या एकावर एक रचत बसतो. माझ्याकडं कुणी कुणाला झाकायचं न्हाई." सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाचं हे बोलणं होतं, पण गावाला त्यात फक्त वेड दिसलं. काळा पडदा, ना बटणं, ना मागं धबधब्याचं चित्र. अशी टिंगल करणारे सगळे तेराव्याला बुंदीवर ताव मारत "केवढा विद्वान माणूस" म्हणत होते. जिवंतपणी एकानंही तो पडदा धड बघितला नव्हता.

त्याच दिवशी अण्णाचे जावई कॉम्प्युटरपुढं बसले. पुण्याच्या कंपनीत असतात, गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा सुतकातही उतरत नाही. "आई, हे बिघडलंय, यात काहीच दिसत नाही," म्हणाले, आणि कामाचे कागद तेवढे बाजूला काढून बाकी सगळं पुसलं आणि चारचौघांकडं असतं तसलं बसवलं. अण्णानं वर्षानुवर्षं बसवलेली मांडणी जेवणं उरकायच्या आत गेली. मी दारात उभा होतो. पण जावई पडले, बोलणार कोण? आमच्याकडं जावयाला पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत, सासऱ्याची अख्खी हयात मात्र पुसू देतात. वर ऐटीत म्हणाले, "आता कसं मॉडर्न वाटतंय."

मॉडर्न म्हणजे कन्नडवर मराठी चढलेली, मराठीवर कसलीशी सूचना, आणि वहिनीनं टाइप केलेली ओळ भलत्याच चौकटीत. यापुढं तिचं पोट याच कामावर. ती हे सोडून देईल, अशी मला धास्ती वाटत होती.

परवा गेलो तर ती माउसनं एकेक खिडकी ओढून शेजारी शेजारी लावत होती. रोज सकाळी असंच लावते म्हणे. डावीकडं कन्नड, मधी मराठी, आणि उजव्या कडेला चार बोटं पट्टी मोकळी. ती कशाला, म्हणून विचारलं.

"ती माझी असायची," वहिनी म्हणाली. "हे कामात असले तरी उदगीरहून माझ्या आक्काचा व्हिडिओ फोन आला की तिथंच उघडायचा. ह्यांचं काय झाकायचं न्हाई, माझं बी न्हाई." मग चष्मा पुसत म्हणाली, "आता काम मी करायलेय. म्हणून ती ह्यांना ठेवलीय."